चढाईबहाद्दर मोठा की सातांची साखळी मोठी?

कोल्हापूरच्या मातीला खेळाचे वेड आहे, हे नव्याने सांगावयास नको. पेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरले की निम्मे शहर पाटाकडीलचे आणि निम्मे दिलबहारचे किंवा खंडोबाचे होते. अशा गावी शिकावयास येऊन 'मोठा खेळाडू कोणता?' या प्रश्नावर कधी वाद घातला नाही, असा विद्यार्थी सापडणे कठीण. आमच्या वसतिगृहात मात्र गेली दोन वर्षे जो वाद अखंड चालू आहे तो फुटबॉलचा नसून कबड्डीचा आहे. कारण उघड आहे. वसतिगृहातील आम्ही बहुतेक जण चंदगड, भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी अशा तालुक्यांतून आलेलो. फुटबॉल शहरातल्या पोरांचा, कबड्डी आमची.

वादाचा मुद्दा थोडक्यात असा : कबड्डीचा सामना एखादा नामांकित चढाईपटू जिंकून देतो, की सात जणांची मिळून खेळण्याची रीत? एका पक्षाचे म्हणणे, ज्याच्याकडे 'हुकमी गडी' आहे त्याचाच संघ श्रेष्ठ. बाकीचे सहा जण कसेही असले तरी चालतात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, एकट्याच्या जोरावर एखादा सामना निघेल, स्पर्धा निघत नाही. मी दुसऱ्या पक्षाचा. मी आमच्या गावच्या संघात डावा कोपरा सांभाळतो, म्हणून मी असे बोलतो, असा आरोप माझ्यावर नेहमी होतो. आरोप खोटा नाही. परंतु कोपऱ्यात उभे राहून जे दिसते ते प्रेक्षकांच्या बाकावरून दिसत नाही, हेही तितकेच खरे.

प्रथम हे वेड कोठून आले ते पाहू. आपल्याकडे खेळाडूची कल्पनाच मुळी कुस्तीवरून घडलेली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभारले. देशोदेशीचे मल्ल तेथे आले, आणि पिढ्यान् पिढ्या आपण एकच दृश्य पाहत आलो : हौद्यात दोन माणसे, भोवती हजारो डोळे, आणि शेवटी खांद्यावरून मिरवला जाणारा एक माणूस. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले. त्यांचे नाव आजही आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी आहे. कुस्तीत हे योग्यच आहे. मल्ल एकटा लढतो, एकटा जिंकतो, एकटाच चीतपट होतो. त्याला खुराक देणारे, मातीत लोळवणारे, लंगोट बांधावयास शिकविणारे वस्ताद मागे असतात. पण हौद्यात तो एकटाच.

कबड्डीचा चढाईपटूही वरवर तसाच दिसतो. तो एकटा मध्यरेषा ओलांडतो, एकट्याचा दम, तीस सेकंदांचा वेळ, समोर सात जण. पाहणाऱ्याला वाटते, हाही मल्लच. फक्त एकाऐवजी सातांशी झुंजतो आहे. येथेच सगळा घोटाळा आहे. कुस्तीत पडलेल्याला उठविणारे कोणी नसते. कबड्डीत असते, आणि ते कोण असते हे आपण विसरतो.

जाणत्या वाचकांनी पुढील परिच्छेद सोडला तरी चालेल. पण आमच्या वर्गातील शहरी मित्रांसाठी नियम थोडे सांगणे भाग आहे. पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूने निदान रेषा ओलांडलीच पाहिजे, नाही तर तोच बाद. समोर सहा किंवा सात गडी असताना बोनस रेषा पार केली तर एक जादा गुण. प्रतिपक्षाचे सर्व गडी बाद केले तर लोण, त्याचे दोन गुण. बचाव करणाऱ्यांकडे तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी पकड केली तर तिला अव्वल पकड म्हणतात व एकाऐवजी दोन गुण मिळतात. एवढे पुरे.

आता मुख्य गोष्ट. हुतूतू म्हणून आपल्याकडे हा खेळ पूर्वापार चालत आला, तेव्हा त्याचे तीन प्रकार होते : संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत एकदा बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेरच. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजले जातात. आज जगभर जो खेळला जातो तो संजीवनी प्रकार : आपल्या संघाने एक गडी बाद केला की आपला एक बाद झालेला गडी उठतो. तोही मनाला येईल तो नव्हे, ज्या क्रमाने बाद झाले त्या क्रमाने. बोनसच्या गुणावर कोणी उठत नाही. अव्वल पकडीला गुण दोन, पण उठतो एकच. म्हणजे काय? संघाचा हुकमी चढाईपटू पकडला गेला, आणि त्याच्या आधी दोघे बाहेर बसले असतील, तर त्याला आत आणावयास तीन गडी टिपावे लागतात. ते कोण टिपणार? तो स्वतः तर बाकावर बसला आहे. ते काम करावयाचे आहे दुसऱ्या-तिसऱ्या चढाईपटूने, कोपऱ्यांनी आणि मध्यरक्षकांनी. ज्यांची नावे निवेदक घाईघाईने उच्चारतो, त्यांच्या हातात त्या नामांकिताची संजीवनी असते. चाळीस मिनिटांच्या सामन्यात मोठा खेळाडू किती मिनिटे प्रत्यक्ष मैदानात राहील, हे त्याच्या पायांइतकेच इतरांच्या मनगटांवर ठरते. मला वाटते, आमच्या वादाचा निम्मा निकाल या एका नियमातच लागतो.

परंतु नियमाने वाद मिटत असते तर वसतिगृहातील दिवे अकराला विझले असते. तेव्हा प्रत्यक्ष उदाहरणे घेऊ, आणि पहिले उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे.

चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई हे नाव येथे ठाऊक नसलेला कबड्डीप्रेमी नाही. उंचापुरा, दणकट, पकडणाऱ्यांना अंगावर घेऊन मध्यरेषेपर्यंत ओढीत नेणारा. म्हणून त्याला 'बाहुबली' हे नाव पडले. प्रो-कबड्डीच्या सहाव्या पर्वात, २०१८ साली, यू मुंबा संघाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. पदार्पणातच त्याने २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण मिळविले. आमच्या भागात त्या वर्षी लहान पोरे चढाईला जाताना त्याच्यासारखी मांडी थोपटून जात. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी एक कोटी ४५ लाख मोजले. चंदगडच्या पोराला कबड्डीने एवढी किंमत दिली याचा अभिमान मला आहे, आणि कोणाला नसेल?

पण पुढे काय झाले ते पाहा. २०१९ च्या सातव्या पर्वात सिद्धार्थने टायटन्सकडून २१७ गुण मिळविले, म्हणजे आदल्या वर्षीइतकेच. खेळाडू तोच, तडाखा तोच. आणि बारा संघांत टायटन्स आले अकरावे. उलट ज्या यू मुंबाने त्याला गमावले, तो संघ २०१८ मध्ये सिद्धार्थ असताना बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात उत्तर प्रदेशच्या योद्धांकडून हरला होता. २०१९ मध्ये तो नसताना उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि बंगालकडून ३५-३७ असा, केवळ दोन गुणांनी हरला. त्या यू मुंबाचा कर्णधार होता इराणचा फझल अत्राचली, डावा कोपरा. (माझ्या मित्रांनी येथे हसू नये.) चढाईचे ओझे अभिषेक सिंग आणि अर्जुन देशवाल यांनी वाटून घेतले आणि संघाचा कणा बचाव हा राहिला.

यात सिद्धार्थचा दोष काडीमात्र नाही, हे मी आवर्जून सांगतो; कारण या मुद्द्यावर चंदगडचे मित्र लगेच बाह्या सरसावतात. त्याने आपले काम चोख केले. प्रश्न एवढाच की एका माणसावर बेतलेल्या संघात तो माणूस बाकावर असतो तेव्हा खेळ कोण खेळतो?

आता पहिल्या पक्षाची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, नाही तर हा लेख म्हणजे एकतर्फी वकिली होईल. त्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे परदीप नरवाल. त्याची ती प्रसिद्ध डुबकी, म्हणजे साखळीने अडविले असता दोन माणसांच्या हातांखालून पाण्यात सूर मारल्यासारखे निसटून जाणे, मी मातीवर शंभरदा करून पाहिली असेल. गुडघे सोलवटण्यापलीकडे काही हाती लागले नाही. २०१७ साली पाचव्या पर्वात परदीपने एकट्याने चढाईचे ३६९ गुण केले. त्यातल्या एकाच सामन्यात, हरियाणाविरुद्ध, ३४. अंतिम सामन्यात पाटण्याने गुजरातला ५५-३८ असे नमविले आणि सलग तिसऱ्यांदा विजेतेपद मिळविले. दुसरा एक्का पवन सेहरावत. सहाव्या पर्वाचा अंतिम सामना, ५ जानेवारी २०१९ : बंगळूरने गुजरातवर ३८-३३ अशी मात केली आणि त्यातले २२ गुण एकट्या पवनचे होते. ही उदाहरणे पुढे ठेवली की आमच्या पक्षाला क्षणभर गप्प बसावे लागते. असा माणूस रंगात आला की रीत, योजना, साखळी सगळे पाचोळ्यासारखे उडते. त्याचा आनंद मलाही होतो. मी काही दगड नाही.

तथापि याच दोघांची पुढची कहाणी कोणी सांगत नाही, ती मी सांगतो. परदीपला पाटण्याने सोडले आणि २०२१ च्या लिलावात योद्धांनी त्याला एक कोटी ६५ लाखांना घेतले. सगळे म्हणाले, आता पाटणा बुडाला. आठव्या पर्वात तोच पाटणा साखळी फेरीत पहिला आला. एकही चढाईपटू इतरांच्या डोक्यावर नव्हता. मोनू गोयत, सचिन, गुमान सिंग आणि कर्णधार प्रशांत राय पाळीपाळीने जात. बचावात इराणचा तरुण डावा कोपरा मोहम्मदरझा शादलूई याने पकडींचे ८९ गुण केले, त्या पर्वात सर्वांत जास्त. उपांत्य सामन्यात गाठ पडली ती नेमकी परदीपच्याच संघाशी, आणि पाटण्याने तो ३८-२७ असा जिंकला. ज्या डुबकीने त्यांना तीन विजेतेपदे दिली, ती कशी रोखावी हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार! अंतिम फेरीत ते दिल्लीकडून ३६-३७ असे एका गुणाने हरले हेही नमूद करतो.

पवनची गोष्ट याहून बोलकी आहे. २०२२ साली तमिळ थलैवाजने त्याला दोन कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि पर्व संपले. संघाचा सारा मांडव त्या एका खांबावर उभारलेला. पण खांब गेल्यावर मांडव कोसळला नाही. नरेंदर नावाचा नवखा पोरगा पुढे आला, बाकीच्यांनी ओझे उचलले, आणि त्या संघाने आयुष्यात प्रथमच उपांत्य फेरी गाठली. पुढच्या वर्षी टायटन्सने पवनसाठी दोन कोटी ६० लाखांहून अधिक मोजले. पवनने दोनशेवर गुण केले. टायटन्सने बावीस सामन्यांत दोन जिंकले आणि तळ गाठला.

२०१९ चा अंतिम सामनाही विसरता येत नाही. दिल्लीच्या नवीन कुमारने त्यात १८ गुण केले. समोर बंगालचा संघ होता, ज्याचा कर्णधार आणि प्रमुख चढाईपटू मणिंदर सिंग दुखापतीमुळे खेळतच नव्हता. बंगालने तो ३९-३४ असा जिंकला. बी. सी. रमेश त्या संघाचे प्रशिक्षक होते. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे पुन्हा येणार आहे.

येथवरची उदाहरणे व्यावसायिक स्पर्धेची झाली. कोणी म्हणेल, तो पैशाचा बाजार. आज या संघात, उद्या त्या. देशासाठी खेळताना तरी नामांकित खेळाडू एकत्र आले की झाले! या म्हणण्याला उत्तर जकार्ता येथे २०१८ साली मिळाले. आशियाई स्पर्धांत १९९० साली कबड्डीचा समावेश झाल्यापासून भारताच्या पुरुषांनी सुवर्णपदक कधी सोडले नव्हते. त्या वर्षी संघात अजय ठाकूर कर्णधार, शिवाय परदीप नरवाल, राहुल चौधरी, मोनू गोयत, दीपक हुडा, आपल्या मुंबईचा रिशांक देवाडिगा. त्याच वर्षीच्या लिलावात यांतील मोनू, राहुल, दीपक, रिशांक या चौघांना कोटीच्या वर बोली लागलेली. उपांत्य सामन्यात इराणने या संघाला २७-१८ असे हरविले. चाळीस मिनिटांत अवघे अठरा गुण! तो सामना पाहिलेल्यांना आठवत असेल, इराणचे बचावपटू पकडीसाठी उतावीळ होत नव्हते. एक जण घोट्याला हात घाली आणि दुसरा त्याच क्षणी अंगावर असे. मध्ये पापणी लवण्याइतकेही अंतर नसे.

आणि महिलांचे? त्यांचा अंतिम सामनाही इराणनेच २७-२४ असा जिंकला. आणि इराणच्या त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. परक्या देशात जाऊन, तिथली भाषा शिकून, मुलींना योग आणि प्राणायाम शिकवून त्यांनी संघ बांधला. आपल्या मुलींचा पराभव झाला याचे वाईट वाटते, पण त्या संघाच्या बांधणीमागे एक मराठी बाई होती हे कळल्यावर मला त्या पराभवाकडे निराळ्या नजरेने पाहता आले. त्यांच्याकडे भारतासारखी नामांकित खेळाडूंची रांग नव्हती. जे होते ते एकमेकींना नीट ठाऊक होते.

हे 'एकमेकांना ठाऊक असणे' म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण माझ्या मते कबड्डीचे सारे मर्म तेथे आहे आणि दूरचित्रवाणीवर ते दिसत नाही. चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे सरकतो. कोपऱ्याने मागे हटायचे, त्याला बोनसचा मोह घालायचा. त्याचा एक पाय बोनस रेषेकडे लांबला आणि दुसरा क्षणभर उचलला गेला की घोटा पकडायचा. पण नुसता घोटा धरून कोणी थांबत नाही. त्याच्या शरीराचा सारा भार मध्यरेषेकडे झेप घ्यावयास तयार असतो. त्याच क्षणी शेजारच्या मध्यरक्षकाने त्याच्या वाटेत आडवे पडले पाहिजे. तो अर्धा क्षण उशिरा आला तर चढाईपटू कोपऱ्याला फरफटत रेषेपर्यंत नेतो, आणि तेवढ्यात मदतीला धावलेल्या ज्याचा ज्याचा त्याला स्पर्श झाला तो प्रत्येक जण बाद. म्हणजे मित्राला मदत करणे हा येथे धोका आहे. मदत न करणाऱ्याला कोणी नावे ठेवीत नाही, कारण तो बाद होत नाही. घोटा धरताना मी मागे वळून पाहू शकत नाही. शेजारी येणारच, हे धरूनच मला उडी घ्यावी लागते. ही खात्री लिलावात विकत मिळत नाही. ती चिखलात, पावसाळ्यात, कामावरून परत आल्यावर, दिवेलागणीनंतर केलेल्या सरावातून येते.

म्हणूनच पुणेरी पलटणचा २०२४ मधील विजय मला विशेष वाटतो. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रथमच विजेतेपद मिळविले. कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्याचा, साध्या घरातला मुलगा. त्या संघाचे वैशिष्ट्य असे की आज अस्लम, उद्या मोहित गोयत, परवा पंकज मोहिते किंवा आकाश शिंदे. समोरच्याला कोणास रोखावे हेच कळू नये. अंतिम सामन्यात पंकजने पहिल्या सत्रात एकाच चढाईत चार गडी टिपले आणि पारडे झुकले. त्या दिवशी तो पंकज होता, दुसऱ्या दिवशी दुसरा कोणी असता. पाटण्याचा शादलूई तोवर पुण्याकडे आला होता. आणि प्रशिक्षक? तेच बी. सी. रमेश. समोरच्या हरियाणा संघात आपला सिद्धार्थ देसाईही होता. यावेळी एकखांबी तंबूत नव्हे, तर बचावावर उभ्या असलेल्या संघात, इतर चढाईपटूंच्या बरोबरीने. टायटन्समध्ये दोनशेवर गुण करून त्याला जे मिळाले नाही, ती अंतिम फेरी त्याला येथे मिळाली. पुढच्याच पर्वात, डिसेंबर २०२४ मध्ये, पुण्याला बालेवाडीत हाच हरियाणा पाटण्याला ३२-२३ असे हरवून विजेता ठरला. पाटण्याच्या देवांकने त्या पर्वात तीनशेवर गुण केले होते. अंतिम सामन्यात हरियाणाच्या बचावाने त्याला कोंडून ठेवले.

एवढी उदाहरणे दिल्यावर मित्र म्हणतात, 'ठीक आहे, पण लोक कोणाला पाहायला येतात?' हा प्रश्न मात्र खरा आहे. तिकीट काढून कोणी साखळी बघावयास येत नाही. परदीपने १८०० हून अधिक गुण मिळवून २०२५ मध्ये निवृत्ती पत्करली तेव्हा ज्या पोरांनी हळहळ व्यक्त केली, त्यांतल्या किती जणांना त्याच्या मागे उभ्या असलेल्या कोपऱ्याचे नाव सांगता येईल? तारा दिसला म्हणून पोरगा मैदानात येतो. हुंदळेवाडीचे नाव दूरचित्रवाणीवर ऐकले म्हणूनच आमच्या गावच्या मैदानावर संध्याकाळी गर्दी वाढली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा नामांकित खेळाडू नकोतच, असे मी कधीही म्हणणार नाही.

माझी तक्रार निराळी आहे, आणि ती मुंबई-पुण्याची नसून आमच्या गावाकडची आहे. गावोगावच्या स्पर्धांत हल्ली बाहेरून चढाईपटू 'आणण्याची' प्रथा वाढली आहे. एका रात्रीचे मानधन ठरते, मोटारसायकलीवरून पाहुणा येतो, चढाया करतो आणि सकाळी निघून जातो. वर्षभर सराव केलेला गावचा पोरगा राखीव बाकावर बसतो. संघ जिंकतो, ढाल देवळात लागते. पुढच्या वर्षी पाहुण्याला दुसरे गाव जास्त पैसे देते, आणि मग आपल्याकडे ना चढाई उरते ना साखळी, कारण मधल्या वर्षात सरावाला यावेसे कोणालाच वाटलेले नसते. तालुक्यातील एका गावाचा चांगला बांधलेला संघ अशा रीतीने दोन वर्षांत मोडलेला मी पाहिला. बक्षिसांचेही तेच. एका स्पर्धेत उत्कृष्ट चढाईला सायकल होती आणि उत्कृष्ट पकडीला स्टीलचा डबा. डबा मला मिळाला. आईला तो सायकलीपेक्षा जास्त आवडला, ही गोष्ट वेगळी!

यात नुसत्या हौसेचा प्रश्न नाही. आमच्यासारख्यांच्या घरी खेळ म्हणजे नोकरीची एक वाट असते. खेळाडूंसाठी राखीव जागा, रेल्वे, पोलीस, सेनादल यांचे संघ; घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलाला पदवीइतकाच या वाटेचा आधार वाटतो. निवड चाचणीत दहा-पंधरा मिनिटे खेळवतात. त्यात चढाईपटूचे गुण फळ्यावर दिसतात. घोटा धरणाऱ्याचेही एखादे वेळी दिसतात. पण जो शेजारी अर्धा क्षण आधी आडवा पडला, ज्याच्यामुळे ती पकड झाली, त्याच्या नावावर काहीच चढत नाही. मी सुटीत घरी गेलो की वडील विचारतात, 'किती गडी मारलेस?' त्यांनी शाळेची पायरी चढलेली नाही, पण निवड करणाऱ्या शिकलेल्या माणसांचाही प्रश्न हाच असतो. मग पोरे शहाणी होतात. सरावात सगळ्यांना चढाईच हवी. कोपऱ्यात उभे राहावयास कोणी तयार नाही, आणि मध्यरक्षक तर कर्णधाराच्या धाकानेच उभा राहतो. असे सात चढाईपटू एकत्र आले तर समोरच्या एका चढाईपटूला थांबविणार कोण?

बुवा साळवी यांनी या खेळासाठी आयुष्य वेचले. त्यांच्या जन्मदिनी, १५ जुलैला, महाराष्ट्रात कबड्डी दिन पाळतात. यंदा त्या दिवशी आमच्या जिमखान्यात कार्यक्रम झाला तेव्हा मी एक लहानशी सूचना मांडली. गुणपत्रकावर सध्या पकडीपुढे एकाच खेळाडूचा क्रमांक लिहितात. त्याच्या शेजारी 'साहाय्य' असा एक रकाना असावा आणि पकडीत साथ देणाऱ्याचा क्रमांक तेथे लिहावा. गुण वाढवायचा नाही, निकाल बदलायचा नाही, फक्त नोंद ठेवायची. काही जण हसले. एका प्राध्यापकांनी विचारले, 'पण साथ दिली की नुसता अंगावर पडला, हे ठरविणार कोण?' प्रश्न रास्त होता. आमच्यात थोडी चर्चा होऊन असे ठरले की चढाईपटू रेषेपर्यंत पोहोचण्याआधी ज्याने त्याची वाट अडविली तोच साहाय्यक. नंतर येऊन ढिगावर पडणारा नव्हे.

आंतरवर्गीय स्पर्धेत गुणलेखनाचे काम माझ्याकडे होते, तेव्हा तो रकाना मी पेन्सिलीने आखला. दुसऱ्याच दिवशी आमच्या वर्गाचा एक मध्यरक्षक, जो एरवी सामना संपला की तडक एस.टी. गाठावयास पळतो, टेबलाशी येऊन वाकून आपला क्रमांक किती वेळा आला ते मोजीत उभा राहिला. पुढील वर्षीच्या छापील गुणपत्रकात हा रकाना घ्यावा असा अर्ज मी जिमखाना समितीकडे दिला आहे. वसतिगृहातील पहिल्या पक्षाच्या तिघांनीही त्यावर सह्या केल्या आहेत. चौथा म्हणतो, आधी उत्कृष्ट चढाईची सायकल कायम राहील असे लिहून द्या.